माय विचारते, कोणती शिफ्ट

दादा,

आज सकाळीही मायनं विचारलं. ओट्यावर तिनं डबा भरून ठेवला होता, झाकणाची कडी लावून. चहाची बशी ओठांशी नेता नेता ती थांबली आणि म्हणाली, "मिलिंद कोन्त्या शिफ्टले गेला वं, सुजे? डबा इथंच राहून गेला त्याचा." मी गॅसपाशी होते. दूध उतू जाईल म्हणून नजर भांड्यावर ठेवली. ते बरंच झालं, कारण माझं तोंड तिला दिसलं नाही.

तुला जाऊन इतके कमी दिवस झालेत की घरातला उदबत्तीचा वास अजून गेलेला नाही. पुण्यानुमोदनाच्या खुर्च्या मंडपवाला कालपरवा घेऊन गेला. त्या दिवशी माय पांढरी साडी नेसून तुझ्या फोटोसमोर पहिल्या रांगेत बसली होती. त्रिसरण आणि पंचशील तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं, एक शब्द चुकली नाही. मग शेजारणीच्या कानाला लागून तिनं विचारलं, "कोनाचा कार्यक्रम होय?" तुला घरातून नेलं तेव्हा ती ज्या आकांतानं रडली होती, तो दुसऱ्या सकाळी तिच्याजवळ उरलेला नव्हता. बाबांच्या वेळीही असंच होत असे. पण बाबांच्या वेळी उत्तर द्यायला तू होतास.

तुझ्या वर्गात हा प्रश्न तू किती हौसेनं घातला असतास! एक वृद्ध स्त्री, स्मरण गेलेलं. तिचा मुलगा वारला आहे, आणि ती रोज सकाळी त्याची चौकशी करते. घरातल्या व्यक्तीनं काय करावं? नेहरू नगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खालच्या दुकानातल्या समोशांच्या वासात, तू स्पर्धा परीक्षेच्या पोरांना नीतिशास्त्राचा पेपर शिकवायचास. एकच प्रकरण तीन कागदांवर तीनदा लिहून घ्यायचास. आधी परिणाम बघा, कोणाचं भलं होतं, कोणाचं वाईट. मग नियम बघा, तुम्ही करता ते सगळ्यांनी केलं तर चालेल का, आणि समोरच्याला माणूस म्हणून त्याचा मान मिळतो आहे का. मग स्वतःकडे बघा, असंच रोज वागत गेलात तर तुम्ही कसले माणूस व्हाल. पोरं खाली माना घालून लिहायची. क्रेनवर झोप लागलेल्या सोबत्याची तक्रार करावी का, रस्ता रुंद करायला टपऱ्या हटवायच्या तर आधी कोणाची, असलेच तुझे प्रश्न. पुस्तकातलं परदेशी उदाहरण तुला कधी आवडलं नाही.

तिन्ही उत्तरं लिहून झाली, पोरांनी पेनाला टोपण लावलं, की तू खडू खाली ठेवून विचारायचास, "ठीक है. अब ये बात उनके घर जाकर बताएगा कौन?" सगळी हसायची. तू हसत नसायचास. जो निर्णय सांगायला आपण स्वतः दारात उभे राहू शकत नाही तो निर्णय अजून झालेलाच नाही, असं तुझं म्हणणं. परीक्षेत याला मार्क मिळत नाहीत, हेही तूच त्यांना सांगून टाकायचास.

मी एकदाच आले होते तुझ्या वर्गाला. रायपूरहून सुट्टीवर आले होते, तू म्हणालास, मागे बस, चहा पी, गंमत बघ. आणि फळ्यावर काय लिहिलंस? "रायपूर की एक नर्स." पेशंटला आजार सांगू नका असं नातेवाइकांनी बजावलंय, आणि पेशंट नर्सचा हात धरून विचारतोय. मी तुला फोनवर रडत रडत सांगितलेली गोष्ट, तू ती परीक्षेला बसवलीस! अर्धा वर्ग नर्सच्या बाजूनं होता, अर्धा विरुद्ध. पुढच्या बाकावरची एक मुलगी तावातावानं म्हणाली की अशी नर्स तिला आपल्या घरच्यांजवळ नको. मी मागे बसून चहाचा ग्लास चावायचा तेवढा बाकी ठेवला होता. खाली उतरल्यावर मी तुझ्याशी पूर्ण रस्ता बोलले नाही. तू स्कूटर चालवता चालवता आरशात बघून म्हणालास, "नाव तर नाही सांगतलं ना तुयं!"

खरं बोलण्याची ही खोड तुला जन्मापासूनची. सेक्टर सहामधलं आपलं क्वार्टर आठवतं का? बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. नाइट शिफ्ट करून आले की पडदे ओढून झोपायचे आणि आपण दोघं दिवसभर मुक्यासारखे खेळायचो. तू बिनआवाजाचा कॅरम काढला होतास, सोंगट्यांच्या जागी जुन्या मोज्यांच्या गुंडाळ्या. अशा वेळी बाबांचे पत्ते खेळणारे दोस्त दारात आले की माय साडीचा पदर सावरत बाहेर जायची आणि ठासून सांगायची, "ड्यूटीवर गेले ते." आणि तू तिच्या मागून मान काढून म्हणायचास, "नाही काका, झोपले हायेत." बाबांची झोप मोडायची, मायचा धपाटा बसायचा, आणि तू मोरीजवळ उभा राहून मला विचारायचास, खोटं कोण बोललं, आणि मार कोणाले बसला? मला त्या वयात एवढंच कळायचं की पुढच्या वेळी हा पुन्हा असंच करणार आहे.

पण मायचं ते खोटं घराला धरून होतं, दादा. आपल्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनमध्ये ते एकच वाक्य चालायचं. कोणी आजारी असो, रुसलेलं असो, गावी भंडाऱ्याला गेलेलं असो, दारात उत्तर एकच, ड्यूटीवर गेले. आणि विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला, कोणती शिफ्ट? फर्स्ट म्हटलं की माणूस दुपारी दोननंतर येणार. सेकंड म्हटलं की रात्री. शिफ्ट सांगितली की येण्याची वेळ आपोआप सांगितली जायची. हे मी किती सहज विसरले होते, ते आता सांगते.

आधी आपलं भांडण. बाबा गेल्यावर दोनेक वर्षांत मायचं विसरणं वाढलं. स्मृती नगरच्या या घरात ती बाबांना शोधायला लागली. तू तिला रोज खरं सांगायचास आणि मला ते सहन व्हायचं नाही. मी रायपूरहून फोनवर तुझ्यावर तुटून पडायचे. वॉर्डात आम्ही रात्रंदिवस बघतो, एखाद्या आजीला "उद्या घरी जायचं हं" म्हटलं की तिची मूठ सैल पडते, ती झोपते. कोणाचं काय बिघडलं? तू म्हणायचास, "मायले पेशंट नको समजू. नवरा तिचा गेला. तिचं दुःख तिच्यापासून लपवाचा हक्क आपल्याले कोनं देल्ला?" मी म्हणायचे, हा हक्क म्हणजे तुझ्या फळ्यावरची गोष्ट, माय फळ्यावर राहत नाही. तू चौथ्या शीलाचं नाव काढायचास, खोटं न बोलण्याचं. सकाळी तिच्याच बाजूला बसून म्हणायचं आणि दहा मिनिटांनी तिच्याशीच खोटं बोलायचं, हे तुला जमणारं नव्हतं. एकदा मात्र मी फार बोलले. म्हटलं, "रोज सकाळी नव्यानं विधवा करून राहिला तू तिले." मग म्हणालास, "आवाज नाही येऊन राहिला, सुजे," आणि फोन ठेवलास. आवाज चांगला येत होता. तुझ्या आयुष्यातलं ते एकमेव खोटं, असं मी माझ्या मैत्रिणींना हसून सांगत असे.

एका रविवारी मी समोर होते. तू हेल्मेट टेबलावर ठेवलंस, मायच्या पायाशी जमिनीवर बसलास, तिचा हात हातात घेतलास. "माय, बाबा गेले. तू त्याईच्या जवळच होती. तूच पानी पाजलं त्याईले." मायचा चेहरा चुरगळला आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी आपटली, नळ मोठा सोडला. तुला ऐकू जावं म्हणूनच आपटली. बऱ्याच वेळानं बाहेर आले तर माय हसत होती. तू विचारत होतास, बाबा रागावले की काय करायचे वं, आणि ती बाबांच्या जेवणावरून उठून जाण्याची नक्कल करून दाखवत होती. ती विसरली म्हणून हसते आहे, असं मी समजले. मधल्या वेळात काय झालं ते नळाच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही.

आणि मग तू वर्ग घेता घेता गेलास, आणि मी बॅग भरून इथं आले, आणि पहिल्याच सकाळी मायनं विचारलं. माझ्या तोंडून उत्तर आपसूक आलं, आपल्या घराचं जुनं उत्तर. "ड्यूटीवर गेला." "कोन्ती शिफ्ट?" "फर्स्ट." ती समाधानानं मान हलवून पोळ्या लाटायला गेली. मला वाटलं, बघ दादा, किती सोपं होतं.

दोन वाजता ती फाटकाशी जाऊन उभी राहिली.

इथल्या गल्लीतून शिफ्ट सुटल्याच्या सायकली जात नाहीत. दुपारी एखादी स्कूटर, भाजीचा ठेला, बाकी शुकशुकाट. ती कपाळावर हात धरून बघत राहिली. मी म्हटलं, आत चल, येईल तो. ती म्हणाली, "रिलीव्हर आला नसन." बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडून यायचं नाही, हा प्लांटचा कायदा तिच्या हाडात भिनलेला. माझ्या खोट्याला तिनं स्वतःच टेकू दिला. चार वाजले तेव्हा म्हणाली, "डबल ड्यूटी लागली त्याले." आणि आत जाऊन तिनं डबा भरला, कारण डबल लागली की दुसरा डबा शेजारच्या कोणाच्या तरी हाती पाठवायचा असतो. तो डबा छातीशी धरून ती पुन्हा फाटकात उभी राहिली. येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून विचारत होती, "भैया, प्लांट जा रहे हो क्या?" लोक मान हलवून पुढे जायचे. दिवे लागले तरी ती हलेना. मी हात धरून ओढलं तर माझ्यावर ओरडली, "उपाशी राहीन ना तो!"

हे एकदा झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी जनरल शिफ्ट सांगून पाहिली, तिसऱ्या दिवशी बाहेरगावी मीटिंग. बाहेरगाव म्हटल्यावर तर तिनं दुपारी जेवणच सोडलं, कारण तू न सांगता जाणारा नव्हतास, तुझ्यावर काहीतरी संकट आलं आहे आणि मी ते लपवते आहे, असं तिला वाटलं. ते बरोबरच होतं.

परवा संध्याकाळी शेजारच्या वर्मा काकी कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "बेटा, अम्मा को अंदर ले जाओ. ये सब हम देख चुके हैं." मला कळेना. "तुम्हारे भैया भी शुरू-शुरू में यही बोलते थे, बाबूजी ड्यूटी गए हैं. पूरी गर्मी अम्मा यहीं धूप में खड़ी रहीं, डब्बा लेके. एक दिन चक्कर आया, गेट पे गिर गईं. उसी दिन से भैया ने झूठ बोलना छोड़ दिया. बहुत रोए थे."

दादा, तुझ्यावर मला इतका राग आला की तू समोर असतास तर मायच्या हातातला डबा फेकून मारला असता. तू आधी माझंच केलं होतंस! माझाच मार्ग, माझंच उत्तर, तेही तू, जन्माचा सत्यवादी. मग फोनवर मला शीलं कशाला सांगत होतास? हक्क कशाला काढत होतास? एका वाक्यात सांगता आलं असतं, सुजे, खोटं बोलून पाहिलं, ती उन्हात पडली. तेवढ्यावर मी गप्प बसले असते, कारण ती माझी भाषा होती. नुकसान किती, वेदना किती, कशानं कमी होते. मी तुला नियमाचा पुतळा समजत राहिले, आणि तू तर माझ्याच तराजूत तोलून उठला होतास. खरं ऐकलं की ती अर्धा तास रडते आणि मोकळी होते. खोटं ऐकलं की दिवसभर वाट बघते.

का नाही सांगितलंस? परवापासून हेच डोक्यात आहे. तुझं खोटं माझ्या हाती लागू नये म्हणून? का मायचं ते फाटकातलं पडणं कोणाच्याही तोंडी येऊ नये म्हणून? मला वाटतं, दुसरं. फोन ठेवलास त्या दिवशी तुला उत्तर नव्हतं असं नाही, ते उत्तर देताना तुला रडू आलं असतं. मी नर्स आहे, एवढं तरी मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं.

तरी मी लगेच तुझ्या बाजूची झाले असं समजू नकोस. वॉर्डात उद्या एखाद्या आजीनं विचारलं तर मी काय बोलेन ते तिचा हात बघून ठरवीन. आणि नवरा वेगळा, मुलगा वेगळा. बाबा म्हातारे होऊन गेले. तू तिच्या आधी जायला नको होतास. हे तिला सांगणं बरोबर आहे का, यावर तुझे तिन्ही कागद मी रात्रभर मनात लिहिले, खोडले. परिणामाचा कागद म्हणाला सांग, नियमाचा म्हणाला सांग. तिसरा म्हणाला, रोज खोटं बोलत गेलीस तर कसलं माणूस होशील ते आधी बघ. आणि मग खडू खाली ठेवून तू विचारलंसच. बताएगा कौन? या घरात सांगायला आता माणूसच एक उरलं होतं.

म्हणून आज सकाळी मी गॅस बंद केला. ओले हात साडीला पुसले आणि मायच्या पायाशी जमिनीवर बसले, तू बसायचास तिथंच. फरशी गार होती. मी तिचा हात घेतला. सांगायची वाक्यं तुझीच उसनी घेतली, माझ्याजवळ दुसरी नव्हती.

"माय, मिलिंद गेला. आपला दादा गेला. घरी आनला तवा तू त्याच्या जवळच बसली होती. तूनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला."

तिनं हातातली बशी खाली ठेवली. "माया मिलिंद?"

"हो."

"कावून मंग मले कोनी सांगतलं नाही?" असं म्हणून ती रडायला लागली. मला तेव्हा उठून जायचं होतं, दादा. नळ समोरच होता. मी नाही उठले. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मीही रडले. तू गेल्यापासून अशी मोकळी रडलेच नव्हते, घरात सगळं बघायला मी एकटी होते ना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. नळाच्या आवाजात त्या रविवारी मला जे ऐकू आलं नव्हतं ते हेच असणार. दुःख तिला सांगितलं म्हणजे ते सांगणाराही तिच्याजवळ रडू शकतो. तुझं हे रोजचं रडणं मी तुझ्याकडून काढून घ्यायला निघाले होते.

मग, तू विचारायचास तसं, मी विचारलं, "लहानपनी कसा होता वं तो?"

मायनं पदरानं नाक पुसलं. "बयताड होता. दारात कोनी आलं का मी सांगो, ड्यूटीवर गेले. हा मांगून बोले, झोपले हायेत." आणि ती हसली. "लय मार खाल्ला बाप्पा त्यानं त्याच्यासाठी. पन आयकलं नाही कधी."

मग तिची नजर ओट्यावर गेली. डबा तिथंच होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. आता फाटक, आता दोन वाजेपर्यंतची वाट, असं वाटलं.

"त्याचा डबा राहिला," ती म्हणाली.

"हो माय."

"मंग तू खाऊन घे. पोई थंडी होऊन राहिली."

मी खाली बसूनच तुझा डबा उघडला. दोन पोळ्या होत्या आणि जवसाची चटणी. माय समोर बसून प्रत्येक घास बघत होती. चटणीत मीठ अजिबात नव्हतं.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

"मस्त झाली," मी म्हटलं. एवढं चालवून घे, दादा.